जाहिरात म्हणजे नजरेचं भाडं: दुकानदाराला गिऱ्हाईक मिळतं कसं

मागच्या वर्षी गणपती विसर्जन झालं आणि दुसऱ्याच आठवड्यात मावशीचा फोन आला. म्हणाली, अगं तू एवढी वर्षं साबण-बिस्किटं विकलीस, आता माझ्या भाजणीची पण एक जाहिरात कर ना, दिवाळी तोंडावर आलीय. मावशी परळला राहते आणि घरूनच चकलीची भाजणी, थालिपीठाचं पीठ, मेतकूट, मालवणी मसाला असं विकते, खाण्याच्या वस्तू विकायला लागणारी एफएसएसएआयची नोंदणी वगैरे सगळं रीतसर केलेलंय. मी दहा वर्षं एका डिस्ट्रिब्युटरकडे काम केलंय त्यामुळे किराणा दुकानात माल कसा पोचतो ते मला पाठ, पण ऑनलाईनचं तेव्हा फारसं कळत नव्हतं. तरी एका सोशल मीडिया ॲपवर तिचं पेज उघडलं, चकलीचा मस्त फोटो टाकला, खाली पोस्ट वाढवायचं बटण होतं ते दाबलं आणि ३,००० रुपये भरले. चार दिवसांत हजारावर लाईक! मावशीने अख्ख्या मजल्यावर फोन फिरवला. आणि ऑर्डर आल्या २, त्यातली एक माझ्या मैत्रिणीची.

ते ३,००० रुपये कुठे गेले हे शोधता शोधता मी बरंच शिकले आणि तेच इथे लिहितेय, कारण घरून काही ना काही विकणाऱ्या बायका आता प्रत्येक बिल्डिंगमध्ये आहेत आणि सगळ्यांना कोणी ना कोणी सांगत असतं की जाहिरात कर, जाहिरात कर. पण जाहिरात नेमकं काय करते, पैसे कशाचे घेतात, हे कोणी सांगत नाही.

आधी ऑनलाईन बाजूला ठेवू. दादरला रानडे रोडवर चार पावलांचा गाळा घ्यायला गेलात तर भाडं ऐकूनच माणूस खाली बसेल, आणि तिथून दोन गल्ल्या आत गेलात तर तेवढ्याच पैशात ऐसपैस दुकान मिळेल. मग लोक रानडे रोडचाच हट्ट का धरतात? स्टेशनवरून उतरलेली गर्दी तिथून जाते म्हणून. म्हणजे भाडं दिसायला जागेचं असतं पण खरं ते समोरून जाणाऱ्या माणसांचं असतं, त्यांची नजर दोन सेकंद आपल्या मालावर पडावी याचं. जो आतल्या गल्लीत बसतो त्याचं भाडं वाचतं पण मग त्याला पत्रकं वाटावी लागतात, बोर्ड लावावे लागतात, डिस्काउंट द्यावा लागतो. एकूण खर्च कुठे ना कुठे होतोच. हे एकदा डोक्यात बसलं की मार्केटिंगमधलं सगळं सोपं होतं: लोक जिथून जातात त्या वाटेवर कोणीतरी मालक बसलेला असतो आणि तो आपल्याकडून नजरेचं भाडं घेतो. कधी तो गाळामालक असतो, कधी रेल्वे, कधी टीव्ही चॅनल, कधी किराणावाला आणि आता फोनमधलं ॲप.

आणि म्हणूनच एकाच मालाची दुकानं शेजारी शेजारी असतात, ज्याचं मला लहानपणी फार नवल वाटायचं. लालबागला चिवड्याची दुकानं रांगेत, लॅमिंग्टन रोडला इलेक्ट्रॉनिक्स, मंगलदास मार्केटला कापड. शेजारी तोच माल विकणारा बसला तर धंदा मारला जाईल असं वाटतं ना? पण होतं उलटं, कारण चिवडा घ्यायचा तर लालबाग हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसतं, आणि गल्लीच्या नावाची ती जाहिरात सगळ्या दुकानांना मिळून एकच पुरते, कोणा एकाला वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत.

नजर भाड्याने देण्याचा धंदा काही आजचा नाही. १९५२ ला रेडिओ सिलोनवर गाण्यांचा कार्यक्रम सुरू झाला तो बिनाका गीतमाला, नावातच टूथपेस्ट. घराघरात कार्यक्रमाचं नाव घेतलं की पेस्टचं नाव आपोआप घेतलं जायचं. आपल्या विविध भारतीवर जाहिराती आल्या त्या १९६७ च्या नोव्हेंबरपासून, आणि त्यासुद्धा सुरुवातीला मुंबई, पुणे, नागपूर इथूनच. आता हाच प्रकार मेट्रोत बघा. मुंबईच्या भुयारी मेट्रोच्या ॲक्वा लाईनने प्रवास करताना सिद्धिविनायक स्टेशनच्या नावाआधी विमा कंपनीचं नाव येतं, आचार्य अत्रे चौकाच्या आधी म्युच्युअल फंडाचं, बीकेसीच्या आधी बँकेचं. आपण कोणाला फोनवर सांगतो कुठे उतरायचं ते, तेव्हा पाटी बघून सांगतो, अनाउन्समेंट ऐकून सांगतो, आणि त्या प्रत्येक वेळी कंपनीला मोजलेल्या भाड्याचा थोडा थोडा मोबदला मिळत असतो. मेट्रोला तिकिटाव्यतिरिक्त उत्पन्न मिळतं हे मान्य, पण देवाच्या नि माणसांच्या नावापुढे विम्याचं नाव लागलेलं मला आवडत नाही, हे स्पष्टच सांगते.

होर्डिंगचा हिशोब तर अगदी उघड असतो, किती गाड्या जातात, सिग्नलला किती वेळ थांबतात, आणि बोर्ड किती लांबून दिसतो. जितका मोठा तितकं भाडं जास्त. या हव्यासाने काय होतं ते आपण १३ मे २०२४ ला घाटकोपरला पाहिलं, वादळी वाऱ्यात छेडानगरजवळ पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं आणि १७ माणसं गेली. महापालिका जास्तीत जास्त ४० बाय ४० फुटाची परवानगी देते, ते होर्डिंग होतं १२० बाय १२०. पंपावर पेट्रोल भरायला, पावसापासून आडोशाला थांबलेली माणसं ती. जाहिरातीच्या पुस्तकी गणितात हे कुठेच येत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय.

आता माझ्या जुन्या कामाकडे येते, किराणा दुकान. लोकांना वाटतं कंपनी टीव्हीवर जाहिरात करते आणि मग लोक दुकानात जाऊन माल मागतात. थोडं खरं आहे, पण टीव्हीवर बघून दुकानात गेलेल्या बाईला तो साबण समोर दिसलाच नाही तर ती दुसरा घेऊन येते, साबणासाठी कोणी तीन दुकानं फिरत नाही. म्हणून कंपन्यांचा जीव दुकानातल्या फळीत अडकलेला असतो. कंपनीकडून माल डेपोत, तिथून आमच्यासारख्या डिस्ट्रिब्युटरकडे आणि मग आमचा सेल्समन रोज ठरलेल्या बीटवर निघणार, म्हणजे सोमवारी ही गल्ली, मंगळवारी ती गल्ली, प्रत्येक दुकानात जाऊन ऑर्डर घेणार, स्कीम सांगणार, की शेठ बारा डझन घ्या त्यावर एक डझन फ्री. ही फ्रीची स्कीम गिऱ्हाइकापर्यंत बऱ्याचदा येतच नाही, ती दुकानदारासाठी असते, कारण एकदा त्याचे पैसे मालात अडकले की तो स्वतःहून तोच माल पुढे करतो. तुम्ही नुसतं "एक साबण द्या" म्हणालात की हात ज्या साबणाकडे जातो ना, तो हात तिकडे जावा म्हणून मागे एवढी मेहनत झालेली असते.

आणि दुकानातली जागा तर सरळ सरळ भाड्याने जाते. डोळ्यासमोरची फळी सगळ्यात महाग. काउंटरवरची बरणी, गल्ल्याजवळचा चॉकलेटचा स्टॅंड, पाउचच्या लटकणाऱ्या माळा, दारातला थंड पेयांचा फ्रिज, या सगळ्याला कंपन्या काही ना काही देतात, कधी महिन्याचे पैसे, कधी फुकट माल. फ्रिज कंपनी देते पण अट असते की त्यात फक्त आमच्याच बाटल्या. दुकानाच्या पाटीवर मोठ्ठा लोगो आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात दुकानाचं नाव बघितलंय ना, ती पाटी कंपनीच्याच खर्चाने बनलेली असते. मॉलमध्ये पण हेच, फक्त रक्कम मोठी आणि करार कागदावर. लहान मुलांच्या वस्तू खालच्या फळीवर असतात कारण मुलांची नजर तिथे पोचते, हे तुम्ही पुढच्या वेळी मुलाला घेऊन गेलात की नक्की जाणवेल.

किंमत आणि पुडीचा आकार हासुद्धा गिऱ्हाइकापर्यंत पोचायचा रस्ताच आहे बरं का. तमिळनाडूतल्या कडलूरचे चिन्नी कृष्णन यांनी शाम्पू छोट्या पुडीत भरून विकायची कल्पना आणली आणि त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी १९८३ ला चिक शाम्पू काढून ती गावोगाव नेली. अख्खी बाटली घ्यायला पैसे नाहीत पण आज लग्नाला जायचंय, केस धुवायचेत, अशा बाईपर्यंत कोणतीही जाहिरात पोचली नसती, ती पुडी पोचली. पाच रुपयांच्या बिस्किटपुड्याचं पण तसंच, नाणं हातात घेऊन मूल दुकानात येतं, किंमत साडेपाच केली तर ते परत जाईल, म्हणून किंमत तिथेच ठेवतात आणि वजन हळूहळू कमी करतात. पार्ले-जी च्या पुड्याचं वजन असंच वर्षानुवर्षं उतरत आलंय. हल्ली बऱ्याच पाकिटांवर एमआरपीसोबत युनिट सेल प्राईस म्हणून छापलेलं असतं, ग्रॅमला किती रुपये पडतात ते. अक्षर बारीक असतं पण दोन पुड्यांची तुलना करायला तेच बघायचं, पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलेलं "एक्स्ट्रा" नाही.

भाड्याची गोष्ट चाललीय तर डीमार्टचं सांगायलाच हवं. पहिलं दुकान २००२ ला आपल्या पवईला उघडलं, राधाकिशन दमाणींचं. त्यांनी बहुतेक दुकानांच्या जागा भाड्याने घेण्याऐवजी विकतच घेतल्या. पुरवठादाराला पैसे लवकर द्यायचे, त्या बदल्यात माल स्वस्त घ्यायचा आणि स्वस्त विकायचा, मोठ्या जाहिराती जवळपास नाहीत. रविवारी त्यांच्या बिलिंगच्या रांगेत उभं राहिलात की कळतं जाहिरातीचं काम कोण करतंय, पिशव्या भरून घरी जाणारी माणसंच करतायत. भाड्याची जागा आणि मालकीची जागा हा फरक मुंबईकराला कोणी वेगळा समजवायला नको, आपलं अर्धं आयुष्य त्यातच जातं. पुढे मावशीच्या धंद्यातही हाच फरक येणार आहे.

आता फोनवर येऊ, जिथे माझे ३,००० गेले.

फोनमधली जागा पण भाड्यानेच मिळते पण इथे महिन्याचं भाडं ठरलेलं नसतं. प्रत्येक वेळी, प्रत्येक माणसासाठी वेगळा लिलाव होतो. तुम्ही एखादी बातम्यांची साइट उघडता, पान लोड होतं तेवढ्यात मागे बोली लागते, की ही दादरची बाई आहे, मोबाईल अमुक किमतीचा आहे, काल साड्या बघत होती, हिला जाहिरात दाखवायचे कोण किती देतो, आणि साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात बोली संपून जाहिरात समोर येते. भाऊच्या धक्क्यावर पहाटे मासळीचा लिलाव बघितला असेल तर तसंच, फक्त टोपलीत मासळीऐवजी तुमची नजर आहे आणि ओरडणारी माणसं नाहीत, सगळं मशीन बोलतं.

यात एक गोष्ट लहान धंदेवाल्यांच्या फायद्याची आहे आणि तीच बऱ्याच जणांना माहीत नसते. सर्च करताना वर ज्या जाहिराती येतात तिथे नुसता जास्त पैसेवाला जिंकत नाही. समजा कोणीतरी टाईप केलं "चकली भाजणी परळ". एक मोठा दुकानदार म्हणतो क्लिकला २० रुपये देतो, पण त्याचं पान उघडायला वेळ लागतो आणि आत भाजणी सापडतच नाही, सगळे ड्रायफ्रूटचे बॉक्स, म्हणून त्याला दर्जाचे गुण समजा ३. मावशी म्हणते मी १२ रुपये देईन, पण तिच्या पानावर सरळ भाजणी, भाव, पत्ता, नंबर, म्हणून तिला ८ गुण. आता गुणाकार करा, त्याचे २० गुणिले ३ म्हणजे ६०, मावशीचे १२ गुणिले ८ म्हणजे ९६. मावशी वर. शिवाय तिला १२ रुपये पण पूर्ण भरावे लागत नाहीत, ६० ला मागे टाकायला तिला जेवढे लागतात तेवढेच, ६० भागिले ८ म्हणजे साडेसात रुपये, त्याच्या जरासं वर. हे मी सोपं करून सांगितलं, खऱ्या गणितात कमीत कमी दर असतो, अजून बऱ्याच गोष्टी धरतात, पण गाभा हाच. ॲपवाल्यांना पण लोक वैतागून निघून जायला नको असतात म्हणून कामाची जाहिरात देणाऱ्याला ते स्वस्तात जागा देतात. सगळीकडे असा दुसऱ्याच्या बोलीवर ठरणारा दर नसतो हेही लक्षात ठेवा, वेबसाइटवरच्या जागांसाठी गुगलने २०१९ मध्ये नियम बदलला, तिथे जो जिंकतो तो स्वतःची बोली पूर्ण भरतो.

सर्चची जाहिरात आणि फोटो-व्हिडिओ बघायच्या ॲपवरची जाहिरात यात पण फार फरक आहे. सर्च करणारा माणूस म्हणजे दुकानात येऊन "भाजणी आहे का हो" विचारणारा, त्याला पाहिजेच आहे. आणि फोटो बघत बसलेला माणूस म्हणजे संध्याकाळी सहज फिरायला निघालेला, त्याला थांबवावं लागतं. तिथे लिलावात बोलीसोबत एक अंदाज धरला जातो, की तुम्ही सांगितलेली गोष्ट हा माणूस करण्याची शक्यता किती. "तुम्ही सांगितलेली" हे शब्द महत्त्वाचे. मी ते बटण दाबताना काय सांगितलं होतं? लोकांनी पोस्टवर प्रतिक्रिया द्यावी असं. मग मशीनने शहरभरातून आणि शहराबाहेरून अशी माणसं शोधली जी दिसेल त्याला लाईक करतात. भाजणी विकत घेणारी माणसं शोध असं मी म्हटलंच नव्हतं. ऑर्डर पाहिजे तर उद्देश निवडताना मेसेज किंवा खरेदी निवडायची, आणि जागा निवडताना अख्खी मुंबई नाही, जिथपर्यंत आपण माल पोचवू शकतो तेवढाच भाग निवडायचा. अंधेरीच्या बाईने अर्धा किलो भाजणी मागवली तर पार्सलचा खर्च भाजणीएवढा होतो. आणि दिवाळीच्या आदल्या आठवड्यात जाहिरात टाकू नका, तेव्हा मोबाईलवाले, सोनेवाले, कपडेवाले सगळे त्याच लिलावात उतरलेले असतात, दर चढलेला असतो, तेवढ्याच पैशात निम्म्या लोकांना पण दिसत नाही. भाजणीचं गिऱ्हाईक तर त्याच्या पंधरा दिवस आधीच ठरवतं.

इथे सगळे एक प्रश्न विचारतात, की फोन आपलं बोलणं ऐकतो का, काल घरात गादीविषयी बोललो आणि आज गादीची जाहिरात. कंपन्या याला नाही म्हणतात. आणि मला विचाराल तर त्यांना ऐकायची गरजच पडत नाही एवढं आपण न बोलता सांगून टाकलेलं असतं. नवऱ्याने त्याच वायफायवर गादी शोधलेली असते. आपण गाद्यांच्या दुकानात अर्धा तास उभे होतो ते लोकेशनला कळलेलं असतं. वेबसाइटवर एक अदृश्य कोडचा तुकडा असतो, त्याला पिक्सेल म्हणतात, तो ॲपला कळवतो की ही व्यक्ती इथे येऊन गेली पण घेतलं नाही, मग तीच गादी आठवडाभर मागे लागते. बिलावर दिलेला मोबाईल नंबर दुकानदार ॲपवर चढवू शकतो आणि ॲप त्या नंबरची माणसं आपल्या यादीत जुळवतं, आणि एवढ्यावर न थांबता "यांच्यासारखीच अजून माणसं शोधा" असंही सांगता येतं. या माहितीची किंमत केवढी असावी? एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने आयफोनवर एक साधा प्रश्न विचारायला सुरुवात केली, हे ॲप तुमच्या मागावर राहिलं तर चालेल का, आणि खूप लोकांनी नको म्हटलं. फेसबुकवाल्या मेटाने पुढच्या फेब्रुवारीत सांगितलं की यामुळे त्या वर्षी साधारण १० अब्ज डॉलरचा फटका बसेल. एका "नको"च्या बटणाची किंमत!

जाहिरात मावशीला परवडते की नाही हे कसं ठरवायचं, तर हिशोबासाठी आकडे धरू. अर्धा किलो थालिपीठाच्या पिठाचं पाकीट १८० रुपये. धान्य, भाजणं, गिरणी, पाकीट, सगळं जाऊन हातात ६० राहतात. जाहिरातीवर १,८०० रुपये घातले आणि २० नवीन बायकांनी मागवलं, म्हणजे एका नवीन गिऱ्हाइकामागे ९० रुपये. ६० मिळाले, ९० गेले, पहिल्या विक्रीत ३० चा तोटा. बऱ्याच जणी इथेच म्हणतात जाहिरातीत काही अर्थ नाही. पण तीच बाई वर्षात पाच वेळा आली तर ३०० राहतात, ९० वजा जाता २१० हातात. आणि ती एकदाच येऊन गेली तर ३० चा खड्डा कायमचा. म्हणजे जाहिरात परवडते का याचं उत्तर जाहिरातीत नसतं, ते पिठाच्या चवीत असतं, आणि त्या बाईशी परत बोलायची सोय आपल्याकडे आहे की नाही यात असतं. मोठमोठ्या स्टार्टअप पण याच गणितात बुडतात, डिस्काउंट देऊन गिऱ्हाईक गोळा करतात आणि डिस्काउंट संपला की गिऱ्हाईक पण संपतं. खाण्याच्या डिलिव्हरी ॲपवर छोट्या हॉटेलवाल्यांची तक्रार असते ती हीच, प्रत्येक ऑर्डरवर कमिशन, वर दिसायचं तर जाहिरातीचे वेगळे, आणि एवढं करून गिऱ्हाइकाचा नंबर बहुतेक वेळा हॉटेलवाल्याकडे राहत नाही. दहा वेळा जेवण मागवणारा माणूस त्याच्यासाठी दहाव्यांदाही अनोळखीच.

मावशीकडे मात्र वही होती. जुनी लांब वही, त्यात नाव, नंबर, काय नेलं, तिखट कमी पाहिजे की जास्त, कोणाकडे लसूण चालत नाही, सगळं पेन्सिलने. मी मोजली तर २१२ नावं, आणि त्यातली बरीचशी वर्षात परत परत आलेली. ही तिची मालकीची जागा. उद्या ॲपने नियम बदलले, दर वाढवले, पेज बंद केलं तरी वही तिचीच. परळमध्येच १९५२ ला केशव विष्णू पेंढरकरांनी विकोची सुरुवात केली तीही दारोदार जाऊन दंतमंजन विकून, सिनेमागृहातल्या आणि टीव्हीवरच्या त्यांच्या जाहिराती सगळ्यांना आठवतात पण त्या नंतरच्या.

वही फोनमध्ये आणताना काळजी घ्यावी लागते. व्हॉट्सॲपच्या साध्या ब्रॉडकास्टमध्ये एका यादीत २५६ जण घालता येतात आणि मेसेज फक्त त्यांनाच जातो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय. बऱ्याच जणींना हे माहीत नसतं, त्या पाठवत राहतात आणि अर्ध्या लोकांना मिळतच नाही. मला हा नियम आवडतो, कारण नंबर सेव्ह करणं म्हणजे त्या बाईने तुम्हाला घरात यायला दिलेली परवानगी आहे. कोणालाही न विचारता ग्रुपमध्ये घालू नका. विचारून पाठवा, महिन्यातून एकदा-दोनदा पाठवा, नको म्हटलं की नाव काढा.

मोठ्या कंपन्यांच्या मेसेजना आता सरकारी नियम आहेत. एसएमएस येतो त्यात पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी अक्षर असतं, पी असेल तर जाहिरात, एस सेवा, टी व्यवहार, जी सरकारी. जाहिराती नकोत तर १९०९ वर डीएनडी लावता येतं. ऑनलाईन खरेदीतली फसवणारी बटणं, म्हणजे "फक्त १ शिल्लक" असं खोटं दाखवणं, न विचारता टोपलीत विमा टाकणं, पैसे भरायच्या शेवटच्या पानावर चार्ज वाढवणं, असे १३ प्रकार केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये चुकीचे ठरवलेत, त्याची तक्रार ग्राहक हेल्पलाईनला १९१५ वर करता येते. आणि एखादी रील करणारी मुलगी पैसे किंवा फुकट माल घेऊन क्रीमचं कौतुक करत असेल तर तिने ते स्पष्ट लिहायला हवं. नसेल लिहिलं तर मी तरी त्या क्रीमवर विश्वास ठेवत नाही.

तर या वर्षी आम्ही असं केलं. श्रावणात वहीतल्या सगळ्यांना मावशीने स्वतः फोन करून विचारलं की व्हॉट्सॲपवर कळवलं तर चालेल का, ज्यांनी हो म्हटलं त्यांचीच यादी केली. प्रत्येक पाकिटात एक चिठ्ठी घातली, मोहन किती घालायचं, पीठ किती वेळ भिजू द्यायचं, चकली विरघळली तर काय करायचं, आणि खाली नंबर, कारण चकली बिघडली की बायका पिठाला दोष देतात आणि परत येत नाहीत. जाहिरात पण केली, पण परळ, लालबाग, शिवडी, दादर एवढ्याच भागात, दिवाळीच्या तीन आठवडे आधी आणि उद्देश मेसेजचा निवडून. लाईक या वेळी चाळीसच्या आत होते आणि नवीन ऑर्डर ३१. वहीत एक नवा रकाना आखला, "कुठून कळलं". त्यात जाहिरातीपेक्षा "शेजारणीकडून" जास्त वेळा लिहिलेलं आहे.

तो रकाना बघून मावशीने परवा मला स्टिकर छापून आणायला सांगितले, खालच्या गिरणीवाल्याकडे लावायला. दोन दिवस सकाळी तिथे बसून तिने मोजलंय, ११ वाजेपर्यंत साठेक बायका येतात आणि डबा दळून होईस्तोवर प्रत्येकीला दहा-पंधरा मिनिटं भिंतीकडे बघत थांबावं लागतं. गिरणीवाल्याशी बोलणं झालंय, भिंतीचं भाडं दर दिवाळीला एक किलो भाजणी.